वाचकांचे प्रश्न : होमरचे गायक आणि त्यांचे वाद्य

प्रश्न : होमरची ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही प्राचीन ग्रीक महाकाव्ये मुळात गायली जात, असे वाचले. म्हणजे आपल्या पोवाड्यासारखी का? वाद्य कोणते असे?

उत्तर : ‘इलियड’चे पहिले तीन शब्दच पाहा: ‘मेनिन अएइदे थेआ’, म्हणजे ‘क्रोध गा, देवी’. गायकाला ग्रीकमध्ये ‘आओइदोस’ म्हणत, अर्थ ‘गाणारा’. पोवाड्याशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवा. इथे झील धरणारे नाहीत. एकटाच गातो आणि वाजवतोही तोच.

वाद्य ‘फॉर्मिंक्स’. तळाशी गोलसर पोकळ खोके, त्यातून वर गेलेले दोन हात, ते जोडणारी आडवी पट्टी, आणि पट्टीपासून खाली ताणलेल्या ताती. इ.स.पू. ८व्या शतकातल्या भांड्यांवरच्या चित्रांत त्या बहुधा चारच दिसतात. सतारीसारखे पडदे नाहीत, म्हणजे हाताशी मोजकेच मोकळे सूर. ताना-पलटे घ्यायला हे वाद्य नव्हेच. गायकाला सुरात ठेवणे आणि गाण्याआधी छेडून सभा शांत करणे, हे त्याला छान जमते.

‘ओडिसी’च्या ८व्या सर्गात गायकाची बैठक कशी मांडायची, हेच सांगितले आहे. गायक डेमोडोकस अंध आहे. दूत त्याला हाताला धरून आणतो, खांबाला टेकून चांदीच्या खिळ्यांची खुर्ची ठेवतो, वाद्य त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवतो आणि हात कसा पोचवायचा तेही दाखवतो. मग शेजारी भाकरीची टोपली आणि वाइनचा प्याला. डोळस गायकासाठी हे वर्णन एका ओळीत उरकले असते. इथे कवीने प्रत्येक वस्तू हाताला लागेल अशी ठेवली आहे.

तातीचे वर्णन २१व्या सर्गात येते, तेही धनुष्याच्या निमित्ताने. मेंढीच्या आतड्याची पिळलेली तात वादक जितक्या सहज नव्या खुंटीवर चढवतो, तितक्या सहज काव्याचा नायक ओडिसियस धनुष्याची दोरी चढवतो. ती छेडली की पाकोळीसारखा आवाज येतो.

प्रश्न : हजारो ओळी पाठ कशा राहत?

उत्तर : ‘इलियड’च्या ओळी सुमारे १५,७००, ‘ओडिसी’च्या सुमारे १२,१००. शब्दन् शब्द पाठ करण्यापेक्षा गाता गाता रचणे, ही या परंपरेची रीत मानली जाते. ओळीत सहा गण. प्रत्येक गण आपल्या ‘भ’ गणासारखा (गुरू, लघू, लघू) किंवा दोन गुरूंचा. शेवटचा मात्र दोनच अक्षरांचा. ‘मे-नि-न’ हा पहिलाच ‘भ’ गण.

या साच्यासाठी गायकाकडे तयार तुकडे असत. ओळीच्या शेवटी जागा मोठी असली तर ‘पोदास ओकुस अखिलेउस’ (चपळ पायांचा अकिलीस, ‘इलियड’चा नायक), कमी असली तर नुसते ‘दिओस अखिलेउस’ (तेजस्वी अकिलीस). म्हणून ‘इलियड’च्या ९व्या सर्गात अकिलीस आपल्या झोपडीत बसून उत्तर देतो, तरी ‘चपळ पायांचा’च असतो. ही विशेषणे फालतू समजून गाळणारा अनुवाद गाण्याचा ताल घालवतो.

अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ दरम्यान युगोस्लाव्हियात एकतारी ‘गुस्ले’वर गाणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे केली. त्यातल्या आव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १९३५मध्ये १२,०००हून अधिक ओळींचे एकच काव्य सांगून उतरवून घेतले. लांबीबद्दलची शंका तिथेच मिटते.

प्रश्न : चित्रांत हातात काठी घेतलेला गायक दिसतो, तो कोण?

उत्तर : तो ‘रॅप्सोड’, पुढच्या काळातला. वाद्य नाही, काठी टेकून ठरलेली संहिता म्हणायची. अथेन्सच्या पानाथेनाइया उत्सवात त्यांच्या स्पर्धा होत.

प्रश्न : वाचायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘ओडिसी’चा ८वा सर्ग, मग १ला, मग २२वा. पहिल्यात गायक फेमियसचे गाणे ओडिसियसच्या पत्नीला, पेनेलोपीला, सहन होत नाही. बाविसाव्यात तोच फेमियस वाद्य जमिनीवर ठेवून जिवाच्या याचनेसाठी ओडिसियसचे गुडघे धरतो आणि म्हणतो, मी स्वतःच शिकलो, देवाने मनात गाण्याच्या वाटा रुजवल्या. ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस मध्ये पडतो आणि गायकाचा जीव वाचतो.