माळ्यावरची पोथी

प्रश्न : मंगळवार पेठेतलं जुनं घर उतरवताना लाल फडक्यात बांधलेली, सुट्या पानांची पोथी सापडली. ही हस्तलिखित म्हणायची का? लॅमिनेशन करून घेऊ का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, लॅमिनेशन अजिबात नको! एकदा प्लॅस्टिक चिकटलं की ते काढताना कागदच फाटतो. सेलोटेपही लावू नका.

आता मूळ प्रश्न. अक्षर हाताचं दिसतं म्हणून पोथी हाताने लिहिलेलीच असते, असं नाही. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर पुष्कळ पोथ्या छापल्या गेल्या. त्यात लिहिणाऱ्याचं वळण दगडावरून कागदावर जसंच्या तसं उतरतं. म्हणून आधी शेवटचं पान बघा. छापखान्याचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर खिडकीपाशी बसून एक ओळ भिंगाखाली धरा. बोरू दौतीत बुडवल्यावर पहिली काही अक्षरं काळीभोर येतात, मग शाई फिकी होत जाते आणि मध्येच पुन्हा गडद. छपाईत हा चढउतार नसतो. चुकलेलं अक्षर झाकायला त्यावर पिवळी हरताळ (एक खनिज रंग) फासलेली दिसली, तर ती हाताच्या लिखाणाची खूण, आणि मला तुमच्याइतकाच आनंद होईल.

पोथीच्या शेवटी शालिवाहन शकाचं वर्ष दिलं असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. शके १७५० म्हणजे इ.स. १८२८. हस्तलिखितं जपण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या (आता ‘ज्ञान भारतम्’) व्याख्येत हस्तलिखित किमान ७५ वर्षं जुनं लागतं, शिळाछाप त्यात धरत नाहीत. पण शिळाछाप निघाली तरी रद्दीत देऊ नका.

आपल्याकडच्या पावसात माळा नको. धुतलेल्या सुती कापडात, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधून कोरड्या कपाटात ठेवा.