पहिल्यांदाच लाइट फेस्टिवल क्युरेट करताय? मग आधी अंधार शोधा

अभिनंदन! रात्री शहरात प्रकाशाच्या कलाकृती मांडायच्या, त्या निवडायच्या आणि कुठे लावायच्या ते ठरवायचं, हे आता तुमचं काम. घाबरू नका, फक्त आर्टिस्टची यादी करायला लगेच बसू नका. आधी रात्री शहरात पायी फिरा, कुठे हायमास्ट आहे, कुठे दुकानाचा एलईडी बोर्ड रात्रभर चालू असतो ते बघा, कारण शेजारी झगझगाट असला की भारीतला भारी प्रोजेक्टरही फिका पडतो आणि स्ट्रीटलाइट बंद ठेवायची परवानगी मिळायला जाम वेळ लागतो, तर तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- कामं (म्हणजे कलाकृती) कमी घ्या. नवीन माणूस हमखास अर्धं शहर उजळायला जातो.
- बघणारा कुठून बघणार ते ठरवा. अ‍ॅमस्टरडॅमला लाइट फेस्टिवलची बरीच कामं कालव्यातल्या बोटीतून बघतात, बोट सरकत असते, तिथे पाच मिनिटांची गोष्ट सांगून काय उपयोग? फ्रान्समधल्या लिऑनला उलट, डिसेंबरातल्या लाइट फेस्टिवलला चौकात तोबा गर्दी, तिथे भिंतीवरचा शो मस्त चालतो पण लूप छोटा हवा म्हणजे लोक पुढे सरकतात, आणि यायचा-जायचा रस्ता वेगळा.
- वायरिंग, अर्थिंग, पाऊस, रात्रीचा वॉचमन, यांचे पैसे आधीच बाजूला काढा.

मॅपिंगचं (म्हणजे इमारतीच्या आकाराला नेमकं बसेल असं चित्र प्रोजेक्टरने तिच्यावर टाकायचं) सॉफ्टवेअर वगैरे आत्ता सोडा, ते टेक्निकल टीम बघेल. आणि सगळीकडे मॅपिंगच नको हो (मला तर आता कंटाळा येतो). लिऑनच्या उत्सवाचं मूळ १८५२ साली लोकांनी खिडक्यांत लावलेल्या मेणबत्त्यांत आहे, तुम्हीही रहिवाशांना काहीतरी करायला द्या.

टेस्टिंग मात्र जागेवर, अंधारातच. लॅपटॉपवर बघून ओके देऊ नका.