मुंबईबाहेरचे जुने रस्ते आणि दुचाकी: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरला की दुचाकीवरून लांब जाणाऱ्यांची पत्रे वाढतात. या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न कोकणपट्टी आणि सह्याद्रीतल्या घाटांचे आहेत.

प्रश्न: माझी गाडी १५० सीसीची आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे मित्र दोन गाड्यांवर समुद्राकाठाने मालवणपर्यंत जाणार आहोत. मोबाइलचा नकाशा अटल सेतूवरून नेतो. तिकडून जाता येते का? किती दिवस धरावेत? (एक वाचक, परळ)

अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. सागरी सेतू, कोस्टल रोड, पूर्व मुक्त मार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवरही दुचाकी चालत नाही. नकाशात वाहन म्हणून दुचाकी निवडा, म्हणजे तो तुम्हाला सहसा या रस्त्यांवर नेणार नाही. यात फार काही गमावले असे मानू नका. दुचाकीला उरलेले रस्ते बहुतेक जुने आहेत, आणि गावे, किल्ले, खाड्या, घाट पाहायचे तर तेच हवेत.

तुमच्यासाठी सर्वांत सोयीचा मार्ग भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट. गाडी बोटीत चढते, पनवेल आणि वडखळची गर्दी टळते आणि तासाभरात तुम्ही अलिबागच्या रस्त्याला लागता. पुढे रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, आगरदांडा असा रस्ता आहे. त्यानंतर चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशी ती पाण्याची क्रमवारी. या खाड्यांच्या मुखांशी, नाहीतर जवळपास, किल्ले दिसतात ते उगीच नाहीत. गलबते खाडीतून आत बंदरापर्यंत जात, म्हणून मुखावर ज्याचा ताबा त्याच्या हाती व्यापार. जंजिरा, बाणकोट आणि जयगड पाहताना हे ध्यानात ठेवले तर तटाची तोंडे कुठे वळली आहेत ते आपोआप कळते.

दिवस चार धरा, पाच असतील तर उत्तम. मुक्काम श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर, मग गुहागर, मग रत्नागिरी किंवा पावस, मग मालवण. अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटरच आहे, पण इथे हिशोब किलोमीटरचा करू नका, तासांचा करा. गावातले अरुंद रस्ते, सततची वळणे आणि बोटीची वाट पाहणे धरून ताशी पंचवीस ते तीस किलोमीटरच पडतात. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी जेटीवर फोन करून विचारा. ती चुकली की खाडीला वळसा घालून महामार्गापर्यंत आत जावे लागते आणि अर्धा दिवस जातो.

जेटीच्या उतारावर नवखे हमखास पडतात. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि पाण्याखालून उघडा पडलेला भाग शेवाळाने निसरडा असतो. मागे बसलेल्याला आधी उतरवा. पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून, मागच्या ब्रेकवर आणि इंजिनच्या जोरावर हळू उतरा. पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकते. बोटीत गाडी साइड स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडल डावीकडे वळवून लावा आणि लाटा असतील तर शेजारी उभे राहा. मेन स्टँडवर लावलेली गाडी हेलकाव्याने पुढे ढकलली जाऊन स्टँडवरून उतरते.

सुरूच्या बनांजवळ वळणावर वाळू असते, जांभ्याच्या पठारावर लाल खडी. वेग वळणाआधी कमी करा, वळणात गाडी कललेली असताना ब्रेकला हात लावू नका. १५० सीसी या रस्त्याला भरपूर आहे.

प्रश्न: वरंधा घाट उतरताना मागच्या डिस्क ब्रेकचे पेडल एकदम खाली गेले, ब्रेकच लागेना. पंधरा मिनिटे थांबल्यावर पूर्ववत झाले. गॅरेजवाला म्हणतो पॅड चांगले आहेत, काही झालेले नाही. मग झाले काय? (एक वाचक, ठाणे)

ब्रेक ऑइल उकळले. पॅड आणि डिस्क तापून उष्णता कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलपर्यंत गेली, त्याची वाफ झाली. द्रव दाबला तरी आकसत नाही, वाफ आकसते. म्हणून तुम्ही दिलेला दाब वाफेतच जिरला आणि पॅडपर्यंत पोचला नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि पेडल वर आले. गॅरेजमध्ये गाडी थंडच पोचते, त्यामुळे तिथे दोष दिसत नाही. तो गेलेला मात्र नाही, पुढच्या घाटात पुन्हा भेटेल.

ऑइल उकळण्याची कारणे दोन. पहिले, ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, ओलावा शोषलेले १५५ अंशांना उकळू शकते. मुंबईच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदललेच पाहिजे, गाडी कितीही कमी चालली असो. दुसरे कारण चालवण्याचे: उतारावर पाय पेडलवर टेकलेला राहतो. दाब थोडाच असतो, पण पॅड सतत घासत राहतात आणि थंड व्हायला उसंत मिळत नाही.

बदलायची पद्धत अशी. ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्या, वर्षभर उघडा पडलेला डबा नको. टाकीवर आणि रंगावर ओले फडके टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण काढा, काळपट जुने ऑइल सिरिंजने ओढून नवे भरा. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (ऑइल बाहेर सोडण्याच्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दोन-तीनदा दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा, ऑइल बाहेर येऊ द्या, निपल घट्ट करा, मगच पेडल सोडा. क्रम उलटा झाला तर हवा आत ओढली जाते. नळीत स्वच्छ रंगाचे, बुडबुडे नसलेले ऑइल येईपर्यंत हेच करत राहा आणि डबीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत डबी रिकामी झाली तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकू शकते, मग सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. डॉट ५ मात्र कधीही घालू नका. ते सिलिकोनचे असते, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. झाकणावर जे लिहिले आहे तेच भरा.

आणि उतरताना ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरा. वेग वाढला की दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे जोरात, थोड्या वेळासाठी लावा आणि पूर्ण सोडा. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणे घाटात जिवावर बेतते. मागे ड्रम ब्रेक असेल तर तिथे ऑइल नसते, पण लायनर तापून त्यांची पकड जाते. त्यावरही उपाय हाच.

प्रश्न: शनिवार-रविवारात जुना इतिहास असलेला घाटरस्ता करायचा आहे, पण लोणावळ्याची गर्दी नको. (एक वाचक, मुलुंड)

माळशेज चढा, कसारा उतरा. कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज घाटाने वर जा आणि जुन्नरला मुक्काम करा. तुम्ही ज्या वाटेने जाल तिच्या शेजारूनच सातवाहन काळातला व्यापारी मार्ग जात होता: कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून नाणेघाटाने जुन्नर, पुढे पैठण. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची पायवाट वर चढते. दुचाकीने जुन्नरहून घाटघरमार्गे थेट माथ्यावर पोचता येते, अंतर सुमारे ३० ते ३५ किलोमीटर. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यातल्या दानांच्या यादीत आकडे कोरलेले असल्याने भारतीय अंकांचा इतिहास सांगताना या भिंतीचा उल्लेख होतोच. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण वरच आहे. शनिवारी हे आणि लेण्याद्री होते, शिवनेरी रविवारी पहाटे करा.

परतीला ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, भंडारदरा, घोटी आणि कसारा. हा तुकडा आम्हाला फार प्रिय आहे. डोंगर सोडून जातच नाहीत. प्रवरेवरचे १९२६ चे विल्सन धरण आणि १,६४६ मीटरचे कळसूबाई एकाच टप्प्यात दिसतात. मुरबाड, जुन्नर आणि राजूरला टाकी भरा, अर्धी असली तरी. कोतूळच्या बाजूला रस्ता मध्येच उखडलेला मिळतो, तेव्हा अंधाराआधी घोटीला पोचेल असे निघा. कसाऱ्याला अवजड ट्रक असतात. त्यांच्या डाव्या बाजूने कधी घुसू नका, वळणावर ट्रकचे मागचे चाक आतून कापत येते.

पावसाळ्यात माळशेजला दरडी येतात आणि धबधब्यांच्या परिसरात प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. या फेरीला ऑक्टोबर ते फेब्रुवारी योग्य.

प्रश्न: कोकणातून आल्यापासून चेन आवाज करते. घट्ट केली तरी थांबत नाही. (एक वाचक, विरार)

आणखी घट्ट करू नका. वाळू आणि खारी हवा यांनी वंगण गेले आहे. आवाज कोरडेपणाचा आहे, ढिलेपणाचा नव्हे. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग खाते, आणि ते काम महागात पडते.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद, चावी काढलेली. चालू इंजिनवर चेन फिरवून पुसताना बोटे जातात. रॉकेल किंवा चेन क्लीनरने मऊ ब्रश मारा. ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कडी असलेली) चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य, रबर खराब होते. पुसून कोरडी करा. ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला सोडत चाक हाताने फिरवा. चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने फेकले जाते आणि रोलरमध्ये शिरते. रात्रभर मुरू द्या, जास्तीचे पुसा, नाहीतर तेच नवी वाळू धरते.

मग ढिलाई मोजा: खालच्या पट्टीच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहा. एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी सैल निघाली तर चेन असमान झिजली आहे आणि चेन आणि स्प्रॉकेट (दातेरी चक्रे) यांचा पूर्ण संचच बदलावा लागेल. नुसती नवी चेन जुन्या दातांवर टिकत नाही. प्रवासात दर ५०० किलोमीटरला ऑइल, समुद्राकाठी किंवा पावसात रोज संध्याकाळी.

प्रश्न: पंक्चरचा संच बरोबर घेतला आहे. पुरेल ना? (एक वाचक, गिरगाव)

आधी चाक पाहा. अलॉय असेल तर टायर बहुधा ट्यूबलेस, आणि पट्टीचा संच पुरतो: खिळा काढा, कानशीने भोक साफ करा, पट्टी सुईत ओवून आत ढकला, सुई झटक्यात ओढा, बाहेरचे टोक थोडे ठेवून कापा. हवा भरायला छोटा पंप हवाच. तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते. तिथे पट्टी निरुपयोगी, पुढच्या-मागच्या मापाच्या नव्या ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि ॲक्सलचे पाने घ्या. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडले तर पट्टी मारून वेगाने जाऊ नका, तो टायर बदलायचा.

प्रश्न: मी आणि बायको, शिवाय पंधरा किलो सामान. मागचे चाक डुलते. (एक वाचक, बोरिवली)

सामान सीटच्या मागे कॅरिअरवर उंच बांधले असणार. मागच्या ॲक्सलच्या मागे गेलेले वजन पुढचे चाक हलके करते आणि वेगात हँडल थरथरते. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली आणि दोघांच्या जवळ, समान वाटून ठेवा. वर फक्त कपडे. मागच्या शॉकअपचे प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) दोन खाचा वाढवा. हवा सकाळी टायर थंड असताना, चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर ‘दोघांसाठी’ जो आकडा दिला आहे तेवढी भरा. मागचे वजन वाढल्यावर हेडलाइट वर जातो, तोही खाली करून घ्या. हुकांच्या लवचिक दोऱ्या टाळा, एक सुटली की चाकात जाते. बकलचे पट्टे वापरा आणि पट्ट्यांची मोकळी टोके बांधून टाका. सायलेन्सरपासून पिशवी चार बोटे दूर.

वहिनींना दर तासाला उतरून पाय मोकळे करू द्या. मागे बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे पाठीवर जास्त मार त्यांच्याच बसतो.

प्रश्न: कारचे चांगले सिंथेटिक ऑइल घरात पडून आहे. गाडीत घातले तर चालेल? (एक वाचक, चेंबूर)

नाही. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात, त्यांनी क्लचच्या प्लेटा घसरतात: घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, गाडी पुढे जात नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकलच्या ऑइलची प्रत) हवे, ‘एमबी’ नको. जाडी पुस्तिकेप्रमाणे. घातलेच असेल तर लगेच काढून योग्य ऑइल आणि नवा फिल्टर घाला. प्लेटा जळल्या नसतील तर पकड थोड्या दिवसांत परत येते.