सहा महिने मुलीकडे अमेरिकेत जाताना बीपी-शुगरची औषधं पुण्यातून न्यावीत की तिथे घ्यावीत?

तुम्ही विचारलंय की दोघं सहा महिन्यांसाठी मुलीकडे चाललाय, दोघांचं मिळून बीपी, शुगर आणि थायरॉईडचं औषध चालू आहे, आणि जावई म्हणतात, "पोतं भरून औषधं कशाला आणताय, इथे सगळं मिळतं." तर खरं काय?

हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो. कोथरूडला माझं औषधाचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. जावई खोटं बोलत नाहीयेत. मिळतं. पण आपण घेतो तेच मिळेल असं नाही, आणि नाव तेच असून आतलं निराळं असलं तर ते सगळ्यात वाईट.

२०१८ची गोष्ट. माझा मोठा भाऊ आणि वहिनी मे महिन्यात पुतण्याकडे न्यू जर्सीला निघाले होते, सहा महिन्यांसाठी. दादाला तेव्हा ३०-७०चं मिक्स इन्सुलिन होतं (तीस टक्के लवकर काम करणारं, सत्तर टक्के सावकाश), सकाळी २४ युनिट, संध्याकाळी १६. दिवसाला ४०. आपल्याकडच्या साध्या बाटलीत १० मिली असतं आणि एका मिलीत ४० युनिट, म्हणजे बाटली बरोबर दहा दिवस जाते. अमेरिकेत स्वतःपुरतं औषध नेताना साधारण तीन महिन्यांचं चालतं, म्हणून मी दहा बाटल्या काढल्या, सोबत लाल टोपीच्या सिरिंज सहा महिने पुरतील इतक्या. आणि दादाला सांगितलं, पोचल्यावर पहिल्याच महिन्यात तिथल्या एखाद्या डॉक्टरला दाखव आणि तिथली चिठ्ठी करून घे. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथला फार्मासिस्ट घेत नाही. इथे आम्ही ओळखीच्या पेशंटला जुन्या चिठ्ठीवर औषध देतो, कधी चिठ्ठी नसली तरी देतो. तिकडे ते होत नाही.

पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, डॉक्टरकडे पाय ठेवला की शेकड्यांनी डॉलर जातात. हे इन्सुलिन इथे चिठ्ठीशिवाय मिळतं, मी बघून ठेवलंय." निघायच्या आदल्या रविवारी सगळे आमरसाला जमले होते. मी परत तोच विषय काढला, तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याला सवय आहे घाबरवून विकायची. दुकानदार आहे ना." सगळे हसले. त्या बाटलीवर दुकानदाराला सोळा टक्के सुटतात, तेही सरकारने ठरवून दिलेले, आणि दादाला मी खरेदीच्या किमतीत देतो. हे मी तेव्हा बोललो नाही. आज इथे लिहितोय.

दहापैकी दोन बाटल्या तिकडे फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून गोठल्या. गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच असतं, ते परत पातळ झालं तरी कामाचं नाही. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यात साठा संपला. पुतण्याने दुकानातून नवी बाटली आणली, चिठ्ठीशिवाय, अगदी त्याने सांगितलं होतं तसंच. बाटलीवर ७०/३०. आपल्याकडे ३०-७० म्हणतात, तिकडे उलटं लिहितात, औषध तेच. म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात रात्रीची गर्दी होती, साडेआठ वाजलेले. तिकडे सकाळचे अकरा. वहिनींचा व्हिडिओ कॉल. "भाऊजी, हे बघा ना कसं करतायत." दादा सोफ्यावर बसलेला, शर्ट घामाने भिजलेला, आणि काहीतरी असंबद्ध बोलत होता. पुतण्या ऑफिसला गेलेला. मी ओरडलो, शुगर खाली गेलीय, आधी साखरपाणी द्या, गिळतायत ना ते बघा आणि द्या, मग दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्ससाठी ९११ लावा. आणि ती बाटली कॅमेऱ्यासमोर धरा. बाटलीवर १०० लिहिलेलं होतं. शेजारी टेबलावर लाल टोपीची सिरिंज पडलेली. माझ्या दुकानातली.

पुढचं सांगायला हिशेब पुरतो. लाल टोपीची सिरिंज ४०च्या इन्सुलिनसाठी आखलेली असते. तिच्यावर २४ची रेघ म्हणजे ०.६ मिली. त्यात १००चं इन्सुलिन, म्हणजे एका मिलीत १०० युनिटवालं, भरलं की ते २४ नाही, ६० युनिट होतं. अडीचपट. आदल्या रात्री १६च्या जागी ४० गेलं होतं, वर सकाळी हे. तिकडे माणसांसाठीचं ४०चं इन्सुलिन बाजारातच नाही, त्यामुळे तिथल्या दुकानदाराला काही विचारायचं सुचलं नाही आणि पुतण्याला आकडा पाहायचं सुचलं नाही.

ॲम्ब्युलन्स वेळेत आली. हे इन्सुलिन कित्येक तास काम करत राहतं, म्हणून दादाला रात्रभर ठेवून घेतलं. विमा कंपनीने 'आधीपासूनचा आजार' म्हणून हात वर केले. डॉक्टरच्या भेटीचे जे शेकड्यांचे डॉलर वाचवायचे होते, त्याच्या किती पट गेले ते पुतण्याला माहीत आहे.

माझी चूक आहेच. सिरिंज मी दिल्या आणि त्या डब्यावर एक ओळ लिहिली नाही. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या डब्यावर मी स्वतः जाड मार्करने लिहितो: 'फक्त पुण्याच्या बाटलीसाठी. तिकडची बाटली, तिकडची सिरिंज.' पण पुतण्या अजूनही म्हणतो, "मी योग्य तेच औषध आणलं होतं." योग्य कसं रे? औषध म्हणजे नुसतं नाव का?

तुमच्याकडे इन्सुलिन नसेल तर ही भीती नाही, पण मुद्दा गोळ्यांनाही तोच लागू आहे. पुण्यातल्या निम्म्या शुगर पेशंटच्या चिठ्ठीवर असतात ती औषधं तिकडे मिळतच नाहीत. ग्लिक्लाझाइड नाही, विल्डाग्लिप्टिन नाही, टेनेलिग्लिप्टिन नाही, व्होग्लिबोज नाही. बीपीचं सिल्निडिपिन नाही. रक्त पातळ करायला इकडे ॲसिट्रॉम सर्रास देतात, तेही तिकडे नाही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन मिळतात, पण आपल्या तीन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या शोधू नका. पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन नावाने असतं, हे माहीत नसल्यामुळे लोक तेच औषध दोन नावांनी दोनदा घेतात.

म्हणून तीन महिन्यांचं इथून न्या. निघायच्या तीन आठवडे आधी दुकानदाराला सांगा, म्हणजे एकाच कंपनीचं मिळेल. अख्ख्या स्ट्रिप न्या. कापलेल्या तुकड्यावर तारीख राहत नाही आणि सुट्या डबीतल्या गोळ्या विमानतळावर कुणालाही ओळखू येत नाहीत. डॉक्टरकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावांसकट, पासपोर्टवरच्या नावानेच चिठ्ठी लिहून घ्या. बिलही त्याच नावाचं. सगळं हातातल्या बॅगेत.

उरलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या नातेवाइकांना इथून कुरियरने पाठवता येतात, आत चिठ्ठी, डॉक्टरचं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घालून. इन्सुलिन मात्र कुरियरने पाठवू नका, वाटेत तापून जातं. आणि मी दादाला सांगितलेलंच तुम्हालाही सांगतो: पहिल्या महिन्यात तिथल्या एका डॉक्टरला दाखवा. जावई खर्चाचं बोलतील. बोलू देत.

दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणार असाल तर ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध आणि मुलीसाठी बांधलेली खसखस घरीच ठेवा. तिथे हे प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं.

मी डॉक्टर नाही, डोस बदलायचा तो डॉक्टरनेच. आणि वरचं ४०-१००चं सगळं बाटली-सिरिंजवाल्यांसाठी आहे. इन्सुलिनचं पेन वापरणाऱ्यांचं काडतूस इकडेही १००चंच असतं. आपल्याकडे काही बाटल्याही १००च्या येतात, तेव्हा लेबल आपल्या डोळ्यांनी वाचा.

थायरॉईडची गोळी सीलबंद बाटलीत येते ती तशीच न्या. तिच्यात फारसा घोळ नाही, फक्त तिकडची घ्यायची वेळ आली तर मायक्रोग्रॅमचा आकडा जुळवून घ्या.

दादा पुढच्या खेपेला पेन घेऊन गेला. निघायच्या आधी दुकानात येऊन काउंटरसमोर उभा राहिला आणि चिठ्ठीतली प्रत्येक ओळ मला वाचून दाखवायला लावली.