कन्नडमधलं ‘बंधन’ मराठीत कसं लिहायचं? अटक, कोठडी, कैद, स्थानबद्धता, नजरकैद यांत फरक काय?

तुम्ही लिहिलंय की शाळा कन्नड माध्यमाची, घरात मराठी, आणि आता चिकोडीत बसून मराठी बातमीपत्रासाठी कन्नड बातम्या भाषांतरित करता. ‘न्यायांग बंधन’चं ‘न्यायालयीन बंधन’ केलंत आणि संपादकांनी ते खोडलं. वाईट वाटून घेऊ नका. मी खानापुरात टायपिंगचं दुकान चालवतो, कोर्टाचे कन्नड कागद मराठी माणसांना वाचून दाखवण्यात वीसेक वर्षं गेली, आणि याच शब्दानं माझी फजिती केलेली आहे.

एक म्हातारबुवा पोराचा कागद घेऊन आले. ‘बंधन’ एवढंच नजरेला पडलं आणि मी बोलून गेलो, “मामा, अटक झालीया.” ते म्हणाले, “ते ठाऊक हाय की! पोलीस धरून नेल्यात तवा मी दारातच हुतो. आता कुठं हाय ते सांग.” मग नीट वाचलं, तर न्यायांग बंधन. “न्यायालयीन कोठडी,” म्हटलं. कोठडी ऐकल्याबरोबर मामा मटकन खालीच बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारकोठडी उभी राहिली. पोलिसांच्या ताब्यातून निघून आता तो तुरुंगात गेलाय, म्हणजे चौकशीचा ससेमिरा थोडा कमी झालाय, हे समजवायला दोन चहा लागले. शेवटी “हिंडलग्याला हाय” म्हटल्यावर त्यांना कळलं. बेळगावचा मोठा तुरुंग हिंडलग्यात आहे, त्यामुळे आमच्याकडे खरा चालणारा शब्द तोच. (हिंडलग्याला गणपतीचं देऊळही आहे, पण “हिंडलग्याला गेला” म्हटलं की देवदर्शन कुणाच्या मनात येत नाही. तिथल्या रहिवाशांची यात फार पंचाईत होते.)

गोची अशी, की कन्नड वर्तमानपत्रातलं ‘बंधन’ दोन्हीकडे चालतं. पोलिसांनी धरलं तेही बंधन आणि नंतर आत ठेवलं तेही बंधन. मराठीनं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात. अटक घडते. तिला वेळ असतो: काल रात्री अटक झाली, आणि तिथून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. कोठडी सुनावली जाते आणि तिला मुदत असते. पोलीस कोठडीत माणूस तपासासाठी पोलिसांच्या हाती असतो, साधारण गुन्ह्यांत एकूण पंधरा दिवसांपर्यंत. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो. आणि मराठीतलं नुसतं ‘बंधन’ म्हणजे पथ्याचं, वयाचं, वेळेचं. त्यात कुणी कुणाला धरत नाही.

कैद ही निकालानंतरची. ‘सक्तमजुरी’ म्हणजे कामासह, ‘साधी कैद’ म्हणजे कामाविना. गांधीजींना १९२२ साली सहा वर्षांची साधी कैद झाली होती. फेब्रुवारी १९२४ मध्ये आजारपणामुळे सुटले आणि त्याच डिसेंबरात बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मात्र ‘कैदी’ शब्द ही शिस्त पाळत नाही. खटला चालू असलेलाही कैदीच, फक्त ‘कच्चा कैदी’. कन्नडमध्ये त्याला ‘विचारणाधीन’ म्हणतात. त्याचं मराठीत ‘विचारणेखालील’ करू नका, आपल्याकडे विचारणा म्हणजे नुसती चौकशी, गॅसचा नंबर कधी लागणार याचीसुद्धा.

तुरुंग हा शब्द मला फार आवडतो (शब्दच, हां). तो पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला. त्रोंको म्हणजे झाडाचं खोड, आणि खोडाच्या भोकांत पाय अडकवून माणूस जखडायची शिक्षाही. आपला ‘खोडा’ही तसाच, खोडापासूनच. दोन भाषांनी एकाच ओंडक्यात माणूस अडकवला. एकीचा तुरुंग झाला, दुसरीचा खोडा आता कामात घालण्यापुरता उरलाय.

सगळ्यात जास्त चुका स्थानबद्धतेत होतात. तिच्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही, ती शिक्षा नसते. पुढे काही करील म्हणून आधीच अडकवणं असतं. सावरकरांचं उदाहरण घ्या. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते, म्हणजे जिल्ह्याबाहेर जायचं नाही, पण घर, संसार, सभा चालू. १९५० मध्ये त्यांना प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगात सुमारे शंभर दिवस ठेवलं. तीही स्थानबद्धताच. एकदा कुंपण जिल्ह्याएवढं, एकदा भिंतीएवढं, शब्द तोच. तेव्हा हा शब्द आला की ‘कुठे’ ते पुढे लिहाच.

नजरकैद याहून वेगळी. घरात किंवा वाड्यात, दाराशी पहारा. आग्र्यात १६६६ साली शिवाजी महाराज होते तशी. कन्नड ‘गृहबंधन’ला हा शब्द चपखल बसतो. कित्तूरची राणी चन्नम्मा मात्र बैलहोंगलच्या किल्ल्यात होती आणि १८२९ मध्ये तिथंच वारली. तिच्याबद्दल मी ‘कैदेत’ लिहितो. नजरकैद म्हटलं की उगाच पाहुणचारासारखं वाटतं.

जनावरांच्या बातमीत कन्नडला ‘सेरे’ असतं, मराठीत ‘जेरबंद’. मुळात घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या बाजूला बिबट्या दिसला तेव्हा रोज सकाळी आम्ही पेपरात हाच एक शब्द शोधायचो. शाळांना सुट्टी दिलेली. बिबट्या मोकळा आणि पोरं घरात कोंडलेली!

कोंडणं आणि अडवणं यांत मात्र गल्लत नको. वाट अडवली तरी मागं फिरता येतं, कोंडलं की चारी बाजू बंद. भारतीय न्याय संहितेतही हे दोन वेगळे गुन्हे आहेत, कलम १२६ आणि १२७. शेजाऱ्यानं बांधावरची वाट बंद केली तर ‘कोंडून ठेवले’ लिहू नका, माझ्याकडे येणारे अर्जदार हमखास तेच सांगतात.

आता तुमची वाक्यं. ‘आरोपीय बंधन’ला ‘आरोपीला अटक’. ‘१४ दिन न्यायांग बंधन’ला ‘१४ दिवसांची न्यायालयीन कोठडी’. बंधन राखीपौर्णिमेच्या बातमीला ठेवा.