तारण केवळ विश्वासाने मिळत असेल, तर सत्कर्मे कशासाठी?

धुळ्यातील आपले ख्रिस्ती शेजारी ‘तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, कर्माने नाही’ असे सांगतात; तारण म्हणजे पापापासून होणारी मुक्ती. तसे असेल तर चांगले वागण्याला काय अर्थ उरतो, आणि बायबलच्या नव्या करारातील याकोबाचे पत्र नेमके उलट का सांगते, असे आपण विचारले आहे. नवापूर तालुक्यातील एका मंडळीत मी बायबल अभ्यासाचा वर्ग घेतो आणि हा प्रश्न तिथे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. माझे मत आधीच मांडतो: सत्कर्मे ही तारणाची किंमत नव्हे, परंतु ज्या विश्वासातून सत्कर्मे उपजतच नाहीत, तो विश्वास नव्या करारातील अनेक पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाही मान्य नव्हता.

रोमकरांस पत्रात (3:28) पौल म्हणतो की, मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेच्या यहूदी धर्मनियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोब (2:24) म्हणतो की, केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी ठरतो. दोघेही दाखला देतात तो यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याचाच, आणि दोघेही ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील 15:6 मधील एकच वचन पुढे ठेवतात. फरक पडतो तो ते वचन कोणत्या प्रसंगाशी जोडले आहे त्यात. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला ते 15 व्या अध्यायात, तर सुंतेची आज्ञा येते 17 व्या अध्यायात. म्हणजे सुंता होण्याआधीच देवाने त्याला स्वीकारले होते, हा क्रम पौलाला महत्त्वाचा वाटतो, कारण यहूदी नसलेल्यांनी देवाच्या लोकांत येण्यासाठी सुंता केली पाहिजे की नाही हा वाद त्याच्यासमोर होता. याकोब मात्र 22 व्या अध्यायाकडे जातो, जिथे अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करण्यास सिद्ध होतो, आणि त्या कृतीने आधीचा विश्वास पूर्ण झाला असे म्हणतो. याकोबापुढे जे लोक होते, ते उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे सांगून हात झटकणारे होते. देव एकच आहे असे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो त्यांना सुनावतो. पौल प्रवेशाविषयी बोलतो, याकोब खरेपणाविषयी.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा जर्मन प्रवर्तक मार्टिन लूथर याला ही संगती पटली नाही. 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताची उपमा देऊन ते हलके ठरवले. मात्र त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिले की, विश्वास ही जिवंत आणि कार्यमग्न गोष्ट आहे व तिच्याकडून सत्कर्म न घडणे अशक्य आहे. पुढे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 13 जानेवारी 1547 रोजी ‘केवळ विश्वासाने’ या मताचा निषेध केला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच निर्णयाचा पहिलाच नियम ‘कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरू शकतो’ या मताचा निषेध करतो, हे आमच्या प्रॉटेस्टंट उपदेशांत क्वचितच ऐकू येते. ही उणीव मला खरोखर खटकते.

विसाव्या शतकात या अभ्यासाला मोठे वळण मिळाले. 1977 साली नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी दाखवून दिले की, पौलाच्या काळातील यहूदी धर्म हा पुण्य साठवून तारण विकत घेणारा धर्म नव्हता. देवाने कृपेने करार केला आणि नियमशास्त्राचे पालन हे त्या करारात टिकून राहण्यासाठी होते. त्याच क्षेत्रातील विद्वान जेम्स डन यांनी त्यापुढे जाऊन म्हटले की, पौल ज्या कर्मांना विरोध करतो ती मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) अशी यहूद्यांना इतरांपासून वेगळी करणारी चिन्हे होत. यहूद्यांविषयीचा जुना अन्याय्य समज दूर झाला, हे या विद्वानांचे मोठे ऋण आहे. तरीही रोमकरांस पत्राच्या 4:4-5 मध्ये पौल मजुरी आणि कृपा यांतील भेद मांडतो, तो केवळ सुंतेपुरता राहत नाही, असे मला वाटते. तिथे तो माणसाच्या कोणत्याही कमाईविषयी बोलत आहे.

हीच वचने वर्गात वाचत असताना, गुजरातमध्ये ऊसतोडीला जाऊन आलेल्या एका तरुणाने विचारले होते, “सर, मुकादमाची उचल फिटल्यावर कोयता कोण हातात घेईल?” आपला प्रश्नही तोच आहे. मी त्याला म्हटले की, उचल फिटलेला माणूस घरी येऊन बसून राहत नाही. तो आपल्या शेतात राबतो, पण आता त्याच्या राबण्यावर मुकादमाची वही नसते. त्याने लगेच विचारले, “आणि कोणी नाहीच राबला तर?” त्यावर त्या वर्गात बराच वेळ चर्चा झाली. माझे उत्तर असे होते, आणि आजही आहे, की मग त्याला आपण मोकळे झालो हे खरेच उमगले आहे का, हे त्याने स्वतःला विचारावे. गलतीकरांस पत्रात (5:6) पौल प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी लिहितो, ते याच अर्थाने.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरच्या परंपरेतील मंडळ्यांचा लूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला आपल्या गुणांमुळे नव्हे तर कृपेने स्वीकारतो व सत्कर्मांसाठी समर्थ करतो, हे दोघांनी एकत्र कबूल केले. 2006 साली मेथडिस्ट आणि 2017 साली रिफॉर्म्ड या इतर प्रॉटेस्टंट परंपरांच्या मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मात्र मिटलेले नाहीत: कृपेने केलेल्या कर्मांना पुण्य म्हणावे का, आणि विश्वासणाऱ्याने आपल्या तारणाची खात्री बाळगावी का, यांवर अजूनही वेगवेगळी उत्तरे मिळतात.

आपल्या शेजाऱ्यांचे वाक्य इफिसकरांस पत्रातील 2:8-9 या वचनांवर आधारलेले आहे. त्यांच्याकडे बायबल असेलच. त्यांच्यासोबत बसून लगेच पुढचे 10 वे वचनही वाचावे, कारण त्यात आपण सत्कर्मांसाठी ख्रिस्तामध्ये निर्माण केलेले आहोत असे म्हटले आहे, आणि ही तिन्ही वचने पौलाच्या त्या पत्रात एकाच दमात आलेली आहेत.