आईची चक्कर आणि ‘नॉर्मल’ आलेला एमआरआय

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आम्ही तासगावचे. आई ५४ वर्षांची, शुगर आहे. गेले आठ महिने मधूनच सगळं घर गरगर फिरतं म्हणते, उलट्या होतात, तास-दोन तास उठता येत नाही, त्या आधी उजवा कान दडपतो आणि घूं घूं आवाज येतो. मिरजेत एमआरआय काढला तो नॉर्मल आला. आता दुसरे डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊन चार तासांनी परत काढा. एकदा नॉर्मल आलाय तर परत कशाला?

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे, पण पहिले पैसे वाया गेले नाहीत बरं का, तो एमआरआय बहुतेक कानाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला काढलेला असतो आणि गाठ नाही ही केवढी चांगली बातमी आहे. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला मेनिअरचा आजार वाटतो, आणि तो साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही.

का दिसत नाही सांगते. आतल्या कानात दोन वेगवेगळी पाणी असतात, मधे अगदी पातळ पडदा, आणि या आजारात आतलं पाणी वाढून त्या पडद्याची पिशवी फुगते. बादलीत पाण्याने भरलेली पातळ प्लास्टिकची पिशवी सोडा, पाण्यात पाणी, पिशवी कळतच नाही. आता बादलीत थोडी नीळ टाका, पिशवी लगेच उठून दिसेल. गॅडोलिनियमचं इंजेक्शन हेच काम करतं, शिरेतून दिलेलं औषध हळूहळू बाहेरच्या पाण्यात झिरपतं, आतल्या पाण्यात शिरत नाही, म्हणून बाहेरचं पांढरं आणि फुगलेली पिशवी काळी दिसते. झिरपायलाच वेळ लागतो म्हणून ते चार तास. इंजेक्शन देऊन लगेच फोटो काढला तर या कामाला उपयोग नाही.

ही चक्कर मेंदूची नाही, कानाची, हे फ्रान्सच्या डॉक्टर मेनिअर यांनी १८६१ सालीच सांगितलं होतं, पण जिवंत माणसाच्या कानात ती फुगलेली पिशवी एमआरआयवर दाखवली ती २००७ मध्ये, जपानच्या नागोयातल्या डॉक्टरांनी.

तरी माझं स्पष्ट मत, आत्ताच घाई नको. या आजाराचं निदान अजूनही मुख्यतः हकिगत आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीवरच होतं. चक्कर २० मिनिटं ते १२ तास टिकते, असं दोनदा तरी झालंय, आणि त्याच कानाला जाड, खालच्या पट्टीतले आवाज कमी येतात असं ऑडिओमेट्रीत निघालं, तर औषध सुरू करायला दुसरा एमआरआय लागत नाही. शिवाय काहीच त्रास नसलेल्या कानातही कधी कधी पिशवी फुगलेली दिसते, त्यामुळे नुसत्या फोटोवर विसंबता येत नाही. गोळ्यांनी फरक पडत नसेल, कानात इंजेक्शन किंवा ऑपरेशनची गोष्ट निघाली किंवा निदानच डळमळीत असेल, तेव्हा जरूर काढा. काढायच्या आधी मशीन ३ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं आहे का आणि चार तासांनंतरचा हा कानाचा खास स्कॅन करतात का हे फोनवर विचारा, आणि आईंना शुगर आहे तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करून घ्या, किडनी कमजोर असली तर हे गॅडोलिनियम जपून द्यावं लागतं.

तोवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच कॅलेंडरवर चक्कर किती वाजता आली, किती वेळ टिकली, कान दडपला होता का, लिहून ठेवा. लोणचं, पापड, आपलं भडंगसुद्धा, मीठ कमी करून बघा. आणि ऑडिओमेट्री कान दडपलेला असतानाच करा, चार दिवसांनी कान मोकळा झाला की रिपोर्ट साफ येतो आणि आई उगाच खोट्या ठरतात. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला किंवा एका कानाने अचानक ऐकूच येईना झालं, तर मात्र कॅलेंडर राहू द्या, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.